बरी हायेस ना?

"बरी हायेस ना?" असं विचारणाऱ्या माणसाचा मला अजूनही राग येतो. त्याला 'हाव', म्हणजे 'हो', एवढं ऐकून वाटेला लागायचं असतं.

माझे वडील कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, निघाले की वाटेत माझ्या सासरी थांबत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. म्हणून ते ओसरीपाशी उभ्याउभ्याच तेवढं विचारत. दारात सासू बसलेली. मी 'हाव' म्हणे आणि बंडी पुढे जाई.

एकदा बैल लंगडू लागला. त्याला विसावा द्यायचा म्हणून वडील ओसरीच्या कडेला टेकले. गप्प तरी किती बसणार? त्यांनी विचारलं, "काल दिवसभर काय काय केलं वं बाई?"

मी सांगू लागले. पहाटेचं दळण, विहिरीचं पाणी, शेण, भाकरी, मग वावरात कापूस वेचणं, घरी येऊन पुन्हा भाकरी, भांडी. सासू कौतुकानं मान डोलावत होती.

"अन् जेवली कवा?"

मी आठवू लागले. आठवेना.

"जेवते ना आमच्यासंगं," सासू म्हणाली.

वडील माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारावा, मग सासूसमोर सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी ओसरीचा खांब घट्ट धरला.

ते उठले. लंगड्या बैलाला पुन्हा जुंपलं, कासरा हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बरी हायेस ना?"

"हाव," मी म्हणाले.