केंटच्या घडीच्या खुर्च्या

केंट टोलेफसनबद्दल लिहायला माझ्यापेक्षा शहाणी माणसं गावात आहेत. पण ती लिहिणार नाहीत, कारण त्यांना तो आवडतो. मलाही आवडतो. तरी लिहून बघतो.

केंटनं चाळिशी ओलांडली आणि तो कामाला होता तो गावातला खिडक्यांचा कारखाना बंद पडला. मग तो कम्युनिटी कॉलेजात शिकायला गेला. विषय होता उद्यानं, करमणूक आणि तंदुरुस्ती. अमेरिकेच्या थंड उत्तरेत, आमच्या मिनेसोटात, सुट्टीच्या दिवशी लोक बर्फ उपसतात, त्यालाच विश्रांती म्हणतात. इथं करमणूक शिकवायला शिक्षण लागतं, हे ऐकून चर्चच्या तळघरात कॉफी पिणारे आम्ही म्हातारे बराच वेळ आपापल्या कपात बघत राहिलो. आमच्याकडे हसणं असंच असतं.

केंट स्वतः जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरच्या तसबिरी निरखायचा. बायकोनं, जोलीननं, त्याला बजावलं होतं की यात नापास झालास तर माझ्या भावाकडे डुकरं सांभाळायला जायचं. मेहुण्यानं त्याच्या मापाचे रबरी बूट आणूनसुद्धा ठेवले होते.

शेवटची परीक्षा प्रात्यक्षिकाची होती. त्यानं म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग घ्यायचा आणि शिक्षिकाबाईंनी मागे बसून बघायचं. केंटनं तळघरात घडीच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या, गाणी लावली, फुगे आणले. आम्ही गेलो, कारण आमच्यातली ॲर्डिस खजुराच्या वड्या करणार होती.

केंटनं हात वर करायला सांगितलं. कुणीच केले नाहीत. चारचौघांत हात वर करणं म्हणजे काहीतरी मागणं. मग त्यानं माझ्याकडे फुगा टोलवला. मी तो अदबीनं शेजाऱ्याच्या हातात दिला, त्यानं त्याच्या शेजाऱ्याच्या. रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरतं तसा फुगा फिरला आणि केंटकडे परत आला. बाईंची पेन्सिल थांबली. मला केंटच्या पायांत रबरी बूट दिसायला लागले.

शेवटी त्यानं गाणी बंद केली आणि एकटाच रिकाम्या खुर्च्या मिटून भिंतीशी नेऊ लागला.

आता, एक माणूस खुर्च्या आवरतोय आणि आपण वड्या खात बसलोय, हे आमच्या गावात कुणालाच सोसत नाही. ऐंशीची ॲर्डिस उठली.

"सोड रे ती. कंबर धरेल तुझी," म्हणाली आणि दोन्ही काखांत एकेक खुर्ची मारून चालू लागली. ते बघून म्हाताऱ्या मर्लिननं तीन उचलल्या. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मीही एक नेली. थप्पी लागल्यावर कुणाला तरी वाटलं की ती उलटी लागलीये, म्हणून सगळ्या काढून पुन्हा लावल्या. सगळ्यांना घाम फुटला.

बाई उठून उभ्या राहिल्या. "हे तुम्ही आधीच ठरवलं होतं?"

केंटनं आमच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना कळू द्यायचं नसतं."

तो वर्गात पहिला आला.

आता केंट गावाचा करमणूक अधिकारी आहे. दर मंगळवारी खुर्च्या मांडतो, आणि थोड्या वेळानं बिचारा एकटाच आवरू लागतो. दुसऱ्या गावची माणसं बघायला येतात. त्यांना तो कोपऱ्यात बसून, वडी खात, आपली पद्धत समजावतो. जिना चढताना हल्ली त्याला आमच्यातलं कुणीतरी हात देतं.

परवा मी ॲर्डिसला भीत भीत विचारलं, सगळं माहीत असून आपण का जातो?

"मग काय, एकट्याला आवरू द्यायचं?" ती म्हणाली. "तब्येत बघितलीस का त्याची?"