ओझं टेकेस्तवर

"काय काम करता?" असं कुणी विचारलं की चनबसप्पाची पंचाईत व्हायची. कामावर तर तो रोज जायचा, पगारही हातात पडायचा. पण आपण करतो ते काम आहे की आणखी काय, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. कारण तो नुसता बसत होता.

गडी मूळचा अक्कलकोटकडचा, पैलवान. त्यानं शड्डू ठोकला की समोरच्याचा धीर सुटावा, असा त्याचा एक काळ होता. पुढं तालीम सुटली, खुराक काही सुटला नाही, आणि ताकदीची जागा वजनानं घेतली. एकोणीसशे चौतीस सालच्या सुमाराला अकलूजच्या बाजूला एक साखर कारखाना उभा राहत होता. ओझी उचलायला दांडगी माणसं हवीत असं ऐकून तो बायकोला, गुरम्माला, घेऊन तिकडं गेला. गेला उचलायला आणि लागला बसायला.

त्याला कारण झाला तिथला छोटा ट्रॅक्टर. त्याला पुढून एक लोखंडी हात जोडला होता; साखळी फिरवली की तो हात ओझं घेऊन वर जायचा. पण जरा जड काही उचललं की ट्रॅक्टरचं नाक मातीत आणि मागची चाकं अधांतरी! मुकादम रावजीनं कपाळावर हात मारून इकडंतिकडं पाहिलं, आणि त्याची नजर चनबसप्पाच्या पोटावर येऊन थांबली.

"पैलवान, चढा मागं."

"आन करू काय?"

"काय करू नका. बसा."

मागं एक फळी ठोकली होती. चनबसप्पा तिच्यावर बसला आणि चाकं निमूट भुईवर आली. रावजीला कोण आनंद झाला! "बैलगाडी मागं उलाळली की आपण पुढं धुरेवर बसतो का न्हाय? तसंच हे, फकस्त उलटं."

चनबसप्पाला ते काही पटलं नाही. "मग दगड बांधा की!"

"रिकाम्या ट्रॅक्टरचं चाक रुतलं तर दगडाला उतर म्हनता येतं व्हय? एक ध्यानात ठेवा. ओझं भुईला टेकेस्तवर उठायचं न्हाय."

तेव्हापासून त्याचा तोच धंदा झाला. फळीवर तोंड मागं असायचं. पुढं काय उचललं, कुठं ठेवलं, त्याला काहीच दिसायचं नाही. दिसायचं ते मागं पडत जाणारं रान आणि दात काढून हसणारे मजूर. सगळे घाम गाळत असताना आपण गणपतीसारखं बसायचं, याची त्याला मनापासून लाज वाटायची. रात्री गुरम्मानं पाय चेपायला घेतले की तो पाय ओढून घ्यायचा. दमलं कोण होतं?

गुरम्मानं मात्र माहेरी भलतंच सांगून ठेवलं होतं. "आमचे हे यंत्र चालवतात." ते ऐकून तिचा भाऊ सिद्धप्पा एके दिवशी दाजींचं यंत्र बघायला थेट कारखान्यावरच हजर झाला. हा सिद्धप्पा म्हणजे चनबसप्पाचा तालमीतला जोडीदार, अंगानं अजून वेताच्या छडीसारखा. जगात इतर कुणीही हसलं असतं तरी चाललं असतं. याच्या डोळ्यांसमोर फळीवर बसणं मात्र चनबसप्पाला नको होतं.

नेमकं त्याच दिवशी ऊस पिळायच्या चरकाचं भलंमोठं दातेरी चाक हलवायचं होतं. चाक झुलू नये म्हणून पुढं माणसं दोर धरून चालत होती. दाजी मागं बसलेले सिद्धप्पानं पाहिले. त्यानं धोतर खोचलं आणि सरळ पुढं जाऊन दोराला हात घातला.

हे चनबसप्पाच्या मनाला फार लागलं. पाहुणा ओढतोय आणि आपण बसलोय! पुढून "धरा, धरा, आवळा!" असा ओरडा आला. कुणाला धरा? मला बोलावतायत का? बसू का जाऊ? त्याचं डोकं पार गोंधळलं, आणि डोक्याच्या आधी पाय हलले. तो उठला.

त्याबरोबर फळी पायाखालून वर यायला लागली. मागची चाकं उचलली गेली, आणि पुढं कुणीतरी किंचाळलं.

"बसा!" रावजी गरजला.

चनबसप्पा होता नव्हता तेवढा भार घेऊन फळीवर आदळला. चाकं धाडकन खाली आली. मग पुढचं दातेरी चाक कुठंतरी टेकलं, साखळी सुटली, माणसं बोलायला लागली, तरी तो फळी दोन्ही हातांनी धरून बसूनच होता. रावजीनं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठं उतरला.

दुपारी घरी गुरम्मानं भाकरी वाढता वाढता भावाला कौतुकानं विचारलं, "बघितलंस यंत्र? कसं चालवतात हे?"

मागून आलेला चनबसप्पा दारातच थांबला. आत जावं की आल्या पावली परत फिरावं, त्याला कळेना.

"चालवत न्हाईत," सिद्धप्पा म्हणाला. "मागं बसतात. ते बसतात म्हनून पुढची मानसं जगतात."

हे ऐकून तर चनबसप्पाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शिव्या त्यानं सोसल्या असत्या, हे सोसवेना.

"सिद्धप्पा, मी उठलो हुतो रं," तो म्हणाला. "तू वढतोस आन मी बसलोय, ते बघवंना मला."

गुरम्मा दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली. सिद्धप्पानं ताट बाजूला सारलं. आपल्या बुडाखालचा पाट काढून त्यानं चनबसप्पासमोर मांडला.

"ठाव हाय. चाक माज्या डोक्यावर आलं, तवाच वळखलं दाजी उठले म्हनून." त्यानं पाट आणखी पुढं सरकवला. "आन परत वर गेलं तवा बी वळखलं. बसा आता. उद्या बी बसायचं हाय."