पहिल्या प्रतीसाठी उम्म अल कुवैनला

सतीशनने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. तो एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि बरीच वर्षं मल्याळममध्ये कादंबरी लिहीत होता: केरळातलं भातशेतीचं एक गाव, एका घराच्या तीन पिढ्या. ती छापून आली, आणि उम्म अल कुवैनमधल्या मल्याळी मंडळींनी प्रकाशन ठरवलं. तो आणि त्याची बायको पुस्तकांचे खोके घेऊन आधी जाणार होते. त्याच्या आत्याला मागून घेऊन येणं एवढंच माझ्याकडे होतं.

"आम्ही अप्पच्ची म्हणतो तिला," तो म्हणाला. "फर्स्ट कॉपी तीच घेणार. सगळ्या गोष्टी तिच्याकडूनच ऐकल्यात मी."

त्यांच्याकडे प्रकाशनात एक जण पुस्तक पुढे करतो आणि दुसरा ती पहिली प्रत स्टेजवर दोन्ही हातांनी स्वीकारतो. मोठा मान असतो तो. त्यासाठी अप्पच्ची आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती.

कुणाला जायचं असेल तर सांगते: ३११ नंबरचा हायवे धरला की दोनेक तासांत उम्म अल कुवैन. आम्ही जेवायला वाकडी वाट करून दुबईतल्या करामात शिरलो. पार्किंगला जीव गेला, पण केळीच्या पानावरचं जेवण अठरा दिरहम, म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास, आणि पोटभर.

अप्पच्चीने भाताचं शीत बोटांत चिरडून पाहिलं. "कुठला?"

"आंध्राचा, अम्मा," वेटर म्हणाला.

"दिसतंच आहे."

तिला हिंदी येत होती. त्यांच्या शेतात लावणीला बंगाली मजूर यायला लागले, त्यांच्याकडून शिकलेली. तिचे तिघे भाऊ गल्फमध्ये गेले, ती एकटी मागे राहिली आणि शेती तिनेच केली.

करामा सोडल्यावर तिने पिशवीतून पुस्तक काढलं. सतीशनने आदल्या दिवशी दिलं होतं, पण चष्मा सापडला नव्हता. ती वाचता वाचता हसायची. "ये भैंस हमारा है. नाम दूसरा दिया." मग बांध फुटल्याचं प्रकरण, मग आजोबांच्या नावावर कुळाची जमीन झाली तो दिवस. शारजा गेलं. मधली पानं सोडून तिने शेवट उघडला, आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

"काय झालं?"

"इसमें खेत बहन बेचता है." पुस्तक मिटून म्हणाली, "हम नहीं बेचा. भाई लोग बेचा. उधर से, फोन पर."

खाचरं बुजवायला लाल मातीचे ट्रक आले तेव्हा तिला कळलं होतं. पीक उभं होतं.

मी गाडी कडेला घेतली. "परत फिरूया?"

"लोग बैठा है," ती म्हणाली. "चलो."

उम्म अल कुवैन शांत आहे. खाडी, तिवरं, रिकामे रस्ते. एरवी मी त्यावरच दोन परिच्छेद लिहिले असते.

हॉल भरला होता, निम्मे तिच्याच गावाकडचे. कार्यक्रम फोनवरून गावात लाइव्ह दिसत होता. सतीशनचे वडील, म्हणजे गल्फमधून केव्हाच परतलेला तिचा थोरला भाऊ, तिकडून पाहत होते. नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर गेली, दोन्ही हातांनी प्रत घेतली, फोटोसाठी छातीशी धरली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

चहाच्या वेळी मी सतीशनला बाजूला घेतलं.

"चेच्ची, फिक्शन आहे ते," तो म्हणाला. चेच्ची म्हणजे ताई. "भावांनी विकली तर त्यात नवीन काय? प्रत्येक घरात तेच झालंय. जिने राबून राखली तिनेच विकली, तर वाचक हादरतो."

"तिला विचारायचं तरी."

"आणि अच्छन हयात आहेत, यार. वडिलांनीच विकली असं कसं लिहू?"

"तीही हयात आहे," मी म्हटलं. तो पुस्तकांवर सह्या करायला गेला. खोटं का बोलू, शेवट त्याचाच जास्त चांगला आहे असं मलाही वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

परतताना अप्पच्ची खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "तुम भी लिखता है ना? लिख दो. हम नहीं बेचा."

गेल्या आठवड्यात ती गावी परत गेली. तिथे ते पुस्तक तिच्याआधी पोचलं होतं. देवळात बायका तिला विचारतात, शेत का विकलंस, असं सतीशनची बायको जिन्यात हळूच म्हणाली. सतीशनने मला स्टेजवरचा फोटो पाठवला, ब्लॉगवर टाक म्हणाला. तो मी टाकलेला नाही.

शेत भावांनी विकलं. अप्पच्चीने नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तिच्या गावातल्या पोरांनी वाचून दाखवलं असतं. सतीशननेही वाचलं असतं, आणि मला रोज त्याच्यासमोर दार उघडायचं असतं. म्हणून मराठीत लिहिलं.