आक्काची फ्रेंच आणि ओट्यावरचा आरसा

आक्का गेली, त्या सकाळी मी अंकुशनगरला कामावर होतो. फोन तिच्या शेजारणीचा, नफीसा आपांचा. "भाईसाब, जल्दी या," एवढंच त्या बोलल्या. मस्तगडच्या तिच्या घरी पोचलो तेव्हा आक्का अंथरुणावर शांत होती आणि स्वयंपाकघरात ओट्यावर तिचा छोटा आरसा नेहमीसारखा डब्याला टेकून उभा होता...

माझी ही थोरली बहीण एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होती. चुकलेल्याला ती रागवत नसे, फक्त "पुन्हा" म्हणे. बरोबर येईपर्यंत पुन्हा. निवृत्त झाली, मुलगा संदीप नोकरीसाठी फ्रान्सला गेला आणि तिथलाच झाला. त्याची मुलगी मीरा फ्रेंचच बोलू लागली. एकदा व्हिडिओवर पोरीनं आजीला काहीतरी लांबलचक सांगितलं. आक्कानं इंग्रजीत विचारलं, तशी पोरगी बापाकडं बघून उठूनच गेली. "आई, शिकल ती पुढं इंग्रजी," संदीप म्हणाला. "पुढं म्हंजे कवा? मी तवर राहते का?" आक्का म्हणाली. तेव्हा तिला सदुसष्ट पूर्ण झाली होती.

पुण्याच्या एका मुलीकडं तिनं संगणकावरून फ्रेंचची शिकवणी लावली. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "अर्धे शब्द तर इंग्रजीतलेच हायेत. सहा महिन्यांत उरकते." हिशेब साफ चुकला. ओळखीचा शब्द दिसला की तिची जीभ इंग्रजीच्या वाटेनं पळायची. लिहिलेली निम्मी अक्षरं बोलायचीच नसतात, हे तिला अन्यायच वाटे. "मॅडम, तुम्ही परत इंग्रजी बोलताय," ती चोवीस वर्षांची मुलगी सांगे आणि आमची आक्का मान खाली घालून ते वाक्य परत म्हणे. ओठ कसे होतात ते बघायला तिनं आरसा आणला आणि भाजी चिरताना समोर ठेवू लागली.

सगळ्यात अडलं ते फ्रेंचच्या घशातल्या 'र'पाशी. भिंतीपलीकडून नफीसा आपांनी तो प्रकार ऐकला आणि हसतच आल्या. "बाई, जिभेनं कशाला झटून राह्यल्या? हे तर आमच्या उर्दूतल्या 'ग़रीब'मधल्या 'ग़'सारखं हाय. गुळणी करताना पाणी जिथं थांबतं, बराबर तिथून काढा." मग दोघी ओट्यापाशी गुळण्या करत बसल्या. "तीस साल पोरांला रडवलं ना, आता भोगा," आपा म्हणाल्या.

वस्तूंचं 'तो' आणि 'ती' असणंही तिला नडलं. मी म्हणालो, आपल्यातही खुर्ची 'ती'च असते की. आक्का म्हणाली, "वर्गात मी पोरांला मराठी बाहेर चपलांपाशी ठिवायला लावत होते. आता मलाच इंग्रजी तिथं ठिवावी लागती." सगळा मान जिच्या जोरावर मिळवला ती भाषा त्या वयात दाराबाहेर ठेवायची... मला ते जमलं नसतं.

तीन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, संदीप मीराला घेऊन आला. आक्कानं घोकून ठेवलेलं वाक्य हळूहळू म्हटलं. पोरगी खुदकन हसली, जवळ आली, आजीच्या गळ्यावर बोट ठेवून त्यातला चुकलेला शब्द तिनं नीट म्हणून दाखवला. आक्कानं म्हटला. पोरीनं नाही म्हणून मान हलवली. "पुन्हा?" आक्कानं विचारलं. हा मराठी शब्द मीरानं लगेच उचलला आणि घरभर "पुन्हा, पुन्हा" सुरू झालं. वडीगोद्रीला आमच्या शेतात हुरडा खायला गेलो, तर हुरड्याला फ्रेंच शब्दच नाही. आक्का कणीस चोळत, फुंकर मारत, हातवारे करत तिला सांगत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही. संदीप मात्र डोळे पुसत होता. "मामा, आई तिला सांगून राह्यली, दाणा दुधात असतानाच भाजायचा, मी लहान असताना असाच तोंड भाजून घेत होतो." मीरानं फुंकर मारून दाणे तोंडात टाकले आणि आजीच्या मांडीवर बसून जी बोलत सुटली ती अंधार पडेपर्यंत...

तेरावं करून परत गेल्यावर संदीपचा तिथून फोन आला. मीराला आजीचा आरसा बघायचा होता. ओट्यासमोर उभं राहिलं की त्यात माझ्या शर्टाची बटणंच दिसतात. आक्का स्टुलावर बसायची, त्या उंचीला तो टेकवलेला आहे. मी स्टुलावर बसलो, फोन आरशाला टेकवला. आरशात मी, खाली ती पोरगी. आक्काच्या तोंडून हजारदा ऐकलेला, नमस्काराचा एकच फ्रेंच शब्द मला येत होता. घशातून काढायचा म्हणून खाकरलो आणि म्हणालो, "बोंझूर."

मीरानं माझ्याकडं निरखून पाहिलं, मान हलवली, आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली,

"पुन्हा."