बेचाळीस शेळ्या आणि आमची चांदी

मित्रांनो, दोघा पोरांनी बनवलेल्या त्या गाव वसवायच्या गेमचं अपडेट आज आलं. दोन महिने ग्रुपवर मीच त्याचा डंका पिटत होतो. "शेळ्या तुमचा आवाज ओळखतील," असं ट्रेलरमध्ये होतं. त्यासाठी गेममध्ये रोज दगड फोडफोडून बेचाळीस शेळ्यांचा गोठा बांधला.

आज माईकवर घसा फोडला, एकीनंबी मान वळवली न्हाई.

बाबा मागं उभे होते. म्हणाले, "नावानं बोलव की."

नावं ठेवलीच नव्हती.

चिडून अंगणात गेलो, आमच्या खऱ्याखुऱ्या शेळीला, चांदीला हाक मारली. करडू असताना मीच तिला बाटलीनं दूध पाजलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं आन् माझ्या मागनं आलेल्या बाबांकडं गेली.

गेमवाल्यांना शिव्या द्यायला ही पोस्ट लिहायला घेतली होती. आता कोणत्या तोंडानं देऊ, सांगा.