आडव्या सायकलीवरून अकोल्याला

सायकल बनवायला घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला फक्त पाइप, चाकं आणि चेन जमवायची आहे. पाच महिन्यांनी पाहिलं तर सायकल एकच झाली होती आणि किस्से मात्र पोतंभर! आता कुठे लग्नाबारशाला गेलो की कोणीतरी कोपर मारतंच, "सर, सांगा ना एखादा." मी लगेच सुरू होतो. मला भीड वाटत नाही, कारण यातलं कर्तृत्व माझं नाहीच. मी फक्त पाठ दिली, बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं.

आधी थोडं सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही. मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवतो. दर भाऊबीजेला सायकलनं अकोल्याला ताईकडे जायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. मग कमरेतली गादी सरकली. सायकलच्या सीटवर बसलो की डाव्या पायात मुंग्या! दोन भाऊबीजा ताईच एसटीनं माझ्याकडे आली. मी पलंगावर आडवा आणि ती उभ्यानं ओवाळतेय, असं ते दृश्य. मला ते फार लागलं.

त्यातच मोबाइलवर रिकंबंट सायकल दिसली. आरामखुर्चीत टेकल्यासारखं बसायचं, पाय पुढे करून पेडल मारायचं. दोन चाकं पुढे, एक मागे. डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "टेकून चालवणार असाल तर हरकत नाही, पण हळूहळू वाढवा. मुंग्या आल्या की उतरायचं." मी आनंदानं ताईला फोन केला. ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकदा बोलली की बोलली.

"कमरेचे तुकडे करून घ्याचे हायेत काय तुले?" ती म्हणाली. "त्या खटाऱ्यावर आलास तर मी दार उघडणार नाई, सांगून ठेवते!"

फोन बंद. म्हणजे आता दोन प्रश्न होते. अकोल्यापर्यंत पाठ टिकते का, आणि टिकली तर दार उघडतं का.

*

रहीमभाईंचं वर्कशॉप बडनेरा रस्त्याला आहे. वखर, डवरे, पेरणीयंत्र, असली शेतीची अवजारं ते बनवतात. त्यांनी मोबाइलमधला फोटो आधी लांबून पाहिला, मग जवळून पाहिला.

"सर, समदं समजलं. पण याले बैल कुठं जुंपाचा?"

"बैल नाही हो. मीच ओढणार."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग पाइप जाड घ्या लागते."

आठवड्यानं सांगाडा तयार. मी उचलायला गेलो तर जागचा हलेना! रहीमभाई खूश. "सर, चार बोटं मातीत रुतली तरी काई होणार नाई!"

"रहीमभाई, मला नांगरायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्यांनी अख्खा सांगाडा स्वतःच कापून ठेवला होता आणि बारीक पाइप मांडून बसले होते. म्हणाले, "पयला मी माह्या हिशोबानं बनवला. आता तुमच्या कमरेच्या हिशोबानं बनवतो." एक आठवड्याची मेहनत गेली, पण त्या माणसाच्या कपाळावर आठी नव्हती.

*

सीटचा कोन किती ठेवायचा, याचे आकडे मी इंटरनेटवरून उतरवून नेले होते. रहीमभाईंनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "चला, बाहीर झोपा."

वर्कशॉपसमोर कोणाच्या तरी बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. त्यावर मी उताणा! रहीमभाई पाठीखालची वाळू कधी काढत होते, कधी भरत होते. "आता मुंग्या?" "आहेत." "आता?" "थोड्या." रस्त्यावरून माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील स्कूटरवर चालले होते. ते करकचून ब्रेक मारून थांबले. "सर! काय झालं? ॲम्बुलन्स बोलावू काय?"

"काई नाई, माप घेऊन राहिलो," रहीमभाई म्हणाले. त्या गृहस्थांचा चेहरा आणखीच पडला. मापं कशाची घेतात, हे त्यांनी मनाशी काय धरलं असेल ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पाय शांत आहे. बसल्या-टेकल्या अवस्थेत, दोन वर्षांत पहिल्यांदा! मी ओरडलो, "रहीमभाई, मुंग्या गेल्या!"

"हलू नका!" असं म्हणून त्यांनी त्या स्कूटरवाल्या गृहस्थांना हाताशी घेतलं आणि दोघांनी दोन हात धरून मला तसंच अलगद उचललं. वाळूत माझ्या पाठीचा खळगा उमटला होता. त्यावर पाइप ठेवून ठेवून त्यांनी तो वाकवला. मग त्यांच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, वय सत्तरच्या पुढे, खाटेची विणतात तशी त्यावर नवार विणून दिली. घट्ट ओढताना त्या पुटपुटत होत्या. मी विचारलं तर रहीमभाई म्हणाले, "तुमच्या पाठीसाठी दुवा मागून राहिल्या."

त्या सीटवर बसताना मला अजून त्या आठवतात.

*

या सायकलीत पेडल पार पुढे आणि मागचं चाक पार मागे. त्यामुळे तीन साध्या चेन जोडून एक करावी लागते. मी सायकलच्या दुकानात गेलो.

"तीन चेन द्या."

"तीन सायकली हायेत काय?"

"नाही, एकच."

दुकानदारानं चेन काउंटरवर ठेवल्या, त्यावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "सर, सायकल घरून शाळेपर्यंत चालवाची हाये, का घरापासून शाळेपर्यंत लांब हाये?"

*

आता रंग. हा माझा हळवा विषय होता. बाहेरच्या देशातल्या सायकली कशा एकदम काळ्या, मॅट फिनिश, चमक नाही, अक्षर नाही! तेच मला हवं होतं. रहीमभाईंनी गजू पेंटरला बोलावलं. गजू भातकुलीचा. अख्ख्या तालुक्यातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्यानं रंगवलेल्या.

"काळा?" गजू म्हणाला. "सर, नवी वस्तू घरी आणून राहिले का तेरवी करून राहिले?"

मी त्याला मॅट फिनिश म्हणजे काय ते समजावलं. दहा मिनिटं समजावलं. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे अर्धं काम करून सोडून द्याचं."

नेमकी परीक्षा सुरू झाली आणि चार दिवस मला तिकडे फिरकता आलं नाही. पाचव्या दिवशी गेलो. सांगाडा पोपटी! पुढच्या पाइपवर दोन मोर, चोची समोरासमोर. मागे गुलाब. चेनवरच्या नळीवर लाल-पिवळे पट्टे. वर दोन हात वार्निश, म्हणजे आपला चेहरा दिसावा असं!

मी तोंड उघडलं. पण गजू त्या मोरांच्या डोळ्यांत बारीक ब्रशनं पांढरा ठिपका देत होता, श्वास रोखून. त्याचं ते काम मी पाहिलं आणि तोंड मिटलं.

"कसं वाटून राहिलं सर?"

"गजू, मोरांचे पाय राहिले."

"पाय वाळल्यावर!" तो म्हणाला.

खरं सांगू? आज मला कोणी ती सायकल काळी करून देतो म्हटलं तर मी त्याला गेटाबाहेर घालवीन.

*

काम संपलं असं मी समजत होतो. गजू समजत नव्हता. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन लिहिल्याशिवाय त्याच्या हातून आजवर एकही ट्रॉली बाहेर पडलेली नाही. "नियमच हाये सर."

"अरे, ही सायकल आहे."

"चाकं तीन हायेत ना?" या युक्तिवादापुढे माझं विज्ञान संपलं.

तर आम्ही वरात घेऊन कापसाच्या गाड्या मोजतात त्या वजनकाट्यावर गेलो. पुढे एक कापसानं भरलेला ट्रक, मागे एक. मध्ये आमची पोपटी सायकल. तो काटा दहा किलोच्या खाली काही मोजतच नाही. रिकामं वजन आलं वीस. मग मी बसलो. आलं शंभर!

आत कॉम्प्युटरवर बसलेला माणूस म्हणाला, "पावती निंगत नाई. मालाचं नाव टाका लागते."

गजूनं खिडकीतून डोकं घातलं. "लिहा. मास्तर."

ती पावती माझ्याकडे आहे. गाडी: सायकल. माल: मास्तर. बायकोनं, म्हणजे मंदानं, ती फ्रिजवर लावली आहे आणि मी जेवायला बसलो की तिच्याकडे बोट दाखवते. सायकलच्या मागेही गजूनं ते दोन्ही आकडे सुंदर अक्षरात लिहिले. निळ्या पट्टीवर पांढरे.

*

सायकल इतकी बुटकी की ट्रकवाल्याला दिसणारच नाही. म्हणून मागे उंच काठीवर झेंडा हवा. झेंडा म्हटल्यावर आम्ही तिघं चहा घेत बसलो आणि रंग काढायला लागलो.

"भगवा?" गजू म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "लोक विचारतीन, कोणाचा प्रचार."

"हिरवा?" मी म्हणालो. रहीमभाई हसले. "सर, मग माहं नाव निंगन."

निळा काढला, तोही कोणाचा तरी. तिरंगा काढला, तर तो संध्याकाळी उतरवावा लागतो. पांढरा म्हणजे शरण आल्यासारखं. लाल म्हणजे मोर्चा. अर्धा तास गेला, देशात एक रंग मोकळा सापडेना!

मंदा डबा द्यायला आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, घरी गेली आणि जुन्या पडद्याचा तुकडा शिवून घेऊन आली. जांभळी फुलं, पिवळी पानं. "लावा. हा कोणत्याच पक्षाचा नाही."

*

पहिली लांब फेरी भातकुलीपर्यंत. वाटेत एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाला म्हातारा धावतच आला, मला काखेत हात घालून उठवलं, बाकावर बसवलं, ऊन लागू नये म्हणून छत्री उघडून बांधली. चहा दिला. पैसे घेईना. "राहू द्या, राहू द्या. देवानं पाय नाई देले तरी हिंमत देली तुमाले."

मला त्याला खरं सांगायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला सांगवेना. त्यानंच मला पुन्हा उचलून सीटवर ठेवलं.

रात्रभर बोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी बसनं तिथे गेलो, पैसे द्यायला आणि माफी मागायला. मी बसमधून उतरून चालत टपरीकडे येताना त्यानं पाहिलं. हातातली किटली खाली ठेवली.

"गुण आला!" तो ओरडला. "अवो, गुण आला! काल छत्री मी बांधली होती!"

आजूबाजूची आठदहा माणसं जमली. मी माफी मागतोय आणि तो मला पेढा भरवतोय. आता त्या टपरीवर मी काहीही बोललो तरी चालत नाही.

*

आणि मग भाऊबीज.

उजाडायच्या आत निघालो. मागून गजूच्या मालवाहू ऑटोत गजू आणि रहीमभाई, वेल्डिंगच्या सामानासकट. "तुटणार नाई," रहीमभाई म्हणाले, "पण तुटली तर मी पायजे ना." मी दर थोड्या वेळानं डाव्या पायाचा अंगठा हलवून बघत होतो. बडनेरा गेलं, मुंग्या नाहीत. मूर्तिजापूरला अर्धा तास जमिनीवर पडून राहिलो. बोरगावच्या पुढे पाठ जरा कुरकुरली, पुन्हा उतरलो. डॉक्टरांचं सगळं ऐकलं. दुपार टळता टळता अकोल्यात शिरलो तेव्हा गजू ऑटोतून हॉर्न वाजवत सुटला होता.

ताईच्या गल्लीत वळलो. दार बंद. नुसतं बंद नाही, बाहेरून कुलूप!

शंभर किलोमीटरच्या रस्त्यानं खचवलं नव्हतं, तेवढं त्या कुलपानं खचवलं. आणि मग दिसली ताई. दारासमोर, भर रस्त्यात, नेसूची चांगली साडी, हातात ओवाळणीचं ताट. शेजारी भाऊजी, पाट घेऊन.

"दार उघडणार नाई म्हटलं होतं," ताई म्हणाली. "नाई उघडलं!"

मी उठायला लागलो. "उठू नको. तसाच राय." गुडघ्यावर हात टेकत ती रस्त्यातच पाटावर बसली आणि मला तसंच टेकलेल्या अवस्थेत ओवाळलं. अख्खी गल्ली गॅलरीत आली होती. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. रहीमभाईंच्या आणि गजूच्या कपाळालाही तिनं कुंकू लावलं. रहीमभाईंनी टोपी सावरून कपाळ पुढे केलं.

मी पिशवीतून साडी काढली. ताईनं ती भाऊजींच्या हातात दिली. ताट रहीमभाईंच्या हातात दिलं.

"ऊठ आता."

मी उठलो. तिनं पदर कमरेला खोचला आणि सीटवर बसली! आम्ही भाऊ-बहीण एकाच उंचीचे, पेडल बरोबर पोचलं.

"ब्रेक कोणता?"

रहीमभाईंनी दाखवला.

ताई निघाली. गल्लीच्या टोकाला तिनं शिस्तीत उजवा हात बाहेर काढून दाखवला, वळली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही उभे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. गजू कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आला. पोटात कावळे ओरडत होते. मी भाऊजींना म्हणालो, "निदान दार तरी उघडा, हातपाय धुतो."

"किल्ली तिच्या कमरेले हाये."

पंधरा मिनिटं झाली. निरांजन विझायला आलं होतं. भाऊजींनी पाट भिंतीला लावला, स्वतः पायरीवर बसले आणि बाजूची जागा हातानं झटकून आम्हाला दाखवली.

"बसा आता," ते म्हणाले. "अमरावतीले गेली असन."