अण्णांच्या गाडीची बुटकी चाकं

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं, की घरातली मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते हे आम्हालाही सांगता आलं नसतं. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. चामराजपेटेतल्या आमच्या साध्या घराला न शोभणारी एकच वस्तू आमच्याकडे होती, ती म्हणजे त्यांची गाडी.

कॅन्टोन्मेंटमधला एक इंग्रज अधिकारी मायदेशी जायला निघाला तेव्हा अण्णांनी ती त्याच्याकडून घेतली होती. लांबलचक बॉनेट, कापडी टप, पुढे दोन माणसांची जागा, मागे नावापुरतं बाक आणि सायकलीसारखी तारांची उंच चाकं. शर्यतीसाठीच बनवलेली असावी अशी ती पळायची. अण्णा एरवी हळू बोलणारे, हळू जेवणारे. पण म्हैसूरच्या रस्त्याला लागले की माणूस बदलायचा. आई डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत बसायची.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर गाडीही जुनी झाली आणि अण्णाही निवृत्तीला आले. एका रविवारी आम्ही दोघं कनकपुऱ्याच्या रस्त्यावर फिरायला गेलो होतो. डावीकडच्या पायवाटेवरून एक सायकलवाला रस्त्यावर आला. मला तो केव्हाचा दिसत होता. अण्णांना दिसला नाही. मी किंचाळले, त्यांनी ब्रेक दाबला, गाडी आडवी घसरत गेली आणि चिंचेच्या झाडापासून हातभर अंतरावर थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

अण्णा खाली उतरले आणि चाकापाशी उकिडवे बसले. टायरवरची नक्षी पार झिजली होती, एका जागी आतलं कापड दिसत होतं.

"गुळगुळीत झालेत," ते म्हणाले. "बदलायला हवेत."

"हो," मी म्हणाले.

दोष टायरांचा होताच. पण तेवढाच नव्हता, आणि ते दोघांनाही कळलं होतं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. गेले काही महिने अण्णांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागत होता, डाव्या हाताला ठेवलेलं पाण्याचं भांडं कलंडत होतं. ती आधीच ते उचलून उजवीकडे ठेवू लागली होती. "तू बोल," ती म्हणाली. "तुझं ऐकतील ते." मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. अण्णांनीच मला जयनगरच्या नव्याने आखलेल्या, रिकाम्या रस्त्यांवर गाडी शिकवली होती, माझ्याकडे लायसन्सही होतं. पण गावात मात्र ते स्टिअरिंग कधी सोडत नसत. त्यांना 'तुम्ही आता चालवू नका' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी आज बोलते, उद्या बोलते करत राहिले.

पुढच्या शनिवारी त्यांनी एक चाक काढलं, जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यात घातलं आणि मला म्हणाले, "चल, कलासीपाळ्याला जाऊन येऊ."

तिथल्या टायरच्या दुकानाचा मालक अण्णांच्या ओळखीचा होता. चाक बघून तो हसला. "सार, हे माप आता कुठे मिळतंय? बाहेरून माल येणंच बंद झालंय. स्वल्प थांबा." तो आत गेला आणि मेणकापडात गुंडाळलेला एक टायर घेऊन आला. असे पाच पडून आहेत म्हणाला. विलायती, नेमक्या मापाचे, खास शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेले. कुणीतरी मागवले आणि न्यायला आलंच नाही.

अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी तो टायर मांडीवर घेतला आणि त्याच्या नक्षीवरून बोटं फिरवली. मला वाटलं, झालं, हेच घेणार.

"आणि दुसरं काय आहे?" त्यांनी विचारलं.

दुसरं म्हणजे आपल्याकडच्या साध्या मोटारींना बसतात ते, इथेच बनलेले, नवेकोरे टायर. पण ते अण्णांच्या चाकांना बसणारे नव्हते. त्यासाठी चाकांची उंच रिम काढून लहान रिम घालावी लागली असती आणि सगळ्या तारा नव्याने ओवाव्या लागल्या असत्या. ते काम करणारा कारागीर शेजारच्या गल्लीतच होता. "गाडी जरा बुटकी दिसेल, सार," मालक म्हणाला, "आणि पहिल्यासारखी पळणार नाही. तुम्हाला आवडायचं नाही."

 विलायती टायर उचलून अण्णा दुकानाबाहेर उन्हात गेले आणि मला हाक मारली. "बाजूला बघ. चिरा आहेत?"

मी वाकून पाहिलं. कडेच्या रबरावर बारीक बारीक भेगा होत्या, टाचेला पडतात तशा. इतकी वर्षं पडून रबर वाळलं होतं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं.

"आहेत," मी म्हणाले. "पुष्कळ आहेत."

त्यांना त्या दिसत नव्हत्या. त्यांनी टायर डोळ्यांजवळ नेला, तिरपा केला, मग खाली ठेवला. आत येऊन त्यांनी मालकाला विचारलं, "पावसात हिने जोरात ब्रेक दाबला, तर यातले कुठले धरतील?"

'हिने' म्हणाले. म्हणजे मी. मालकाने माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि नव्या टायरवर हात ठेवला. "या अम्मा चालवणार असतील तर हेच."

"सरी, ठीक आहे. हेच बसवा," अण्णा म्हणाले.

नंतर आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घ्यायला गेलो.  अण्णा म्हणाले, "काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं गेलंय ते परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उजवा औषधाने टिकेल. तुझ्या लक्षात आलं होतं ना?"

"हो."

"आईच्या?"

"माझ्याआधी."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"तुम्ही तरी कुठे बोललात, अण्णा?"

ते हसले. खरंच हसले, कॉफी सांडेपर्यंत. म्हणाले, "कनकपुऱ्याच्या रस्त्यावरनं आल्यापासून झोप नाही मला. तो सायकलवाला सारखा दिसतो. किल्ली तुला द्यायची हे त्याच दिवशी ठरवलं होतं. सांगायचं कसं, तेवढंच कळत नव्हतं." माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्यांच्याही उतरला असावा, कारण त्यांनी आणखी एक कॉफी मागवली आणि वर मसाला डोसाही. डॉक्टरांनी नव्हे तर आईने त्यांना तळलेलं बंद केलं होतं.

चाकं तयार होऊन आली तेव्हा गाडी खरोखरच बुटकी दिसायला लागली, उंच माणसाने आखूड पँट घालावी तशी. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि "असू दे" म्हणाले. मी जयनगरच्या ओल्या रस्त्यावर नेऊन मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. गाडी जराही न वळवळता जागच्या जागी थांबली. मी पुन्हा दाबून पाहिला. तिसऱ्यांदा अण्णाच म्हणाले, "पुरे ग, टायर झिजतील."

एक गंमत मात्र झाली. चाकं लहान झाल्यामुळे वेगाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागला. आई मागच्या बाकावरून तो बघायची आणि ओरडायची, "अग, केवढा वेग हा!" अण्णा तिला समजवायचे की काटा थापा मारतोय, आपण बैलगाडीच्या थोडंसंच पुढे आहोत. तिला ते कधीच पटलं नाही. अण्णा माझ्या शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचे, गियर कधी बदलायचा ते सांगायचे. पहिले काही आठवडे त्यांनी मला अगदी वैताग आणला.

मग दसऱ्याला आम्ही म्हैसूरला मावशीकडे निघालो. रामनगर सोडलं आणि पाऊस लागला. टप गळत होता, आईने मांडीवरच्या डब्यावर पदर धरला होता. समोरून बसगाड्या पाणी उडवत येत होत्या. मी वेग कमी केला आणि अण्णांच्या सूचनेची वाट पाहू लागले. ती आली नाही. वळून पाहिलं तर त्यांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडं उघडं, आणि ते गाढ झोपले होते. आईने मागून माझ्या खांद्याला हात लावला आणि बोट ओठांवर ठेवलं. मी हॉर्न न वाजवता चन्नपट्टण पार केलं.